‘द्रौपदी’वरची हिरवी वही

१

खण उघडला आणि आत वही नव्हती.

उत्तरा मेश्रामने खण बंद केला आणि पुन्हा उघडला. बोटीवरच्या खणांना एक खोड असते. लाटेवर ते आपोआप बाहेर येऊ नयेत म्हणून आतून खाच ठेवलेली असते. आधी किंचित वर उचलायचं, मग ओढायचं. बुधवारी तिने तसाच उचलून ओढला होता, तेव्हा हिरव्या कापडी बांधणीची जाडजूड वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवलेली होती. आज शनिवार. पिशवी होती, नीट चार घड्या घातलेली. बोटीच्या नोंदणीचं लाल पुस्तक होतं. दोन्ही इंजिनांची कागदपत्रं होती. वही तेवढी गेली होती.

सकाळचे साडेनऊ वाजले होते. मार्वेच्या खाडीत भरती चढत होती आणि ‘द्रौपदी’ नांगराच्या दोराला हलकी ओढ देत उभी होती. चौतीस फुटांची, फायबरची, दोन इंजिनांची मोटर क्रूझर. आत दोन माणसांपुरती झोपायची जागा, छोटं स्वयंपाकघर, बसायला केबिन. बांधणाऱ्याचं नाव दत्ताराम मसुरकर. हे नाव कुठल्याही बोटींच्या पुस्तकात सापडलं नसतं. गिरणी कामगाराचा मुलगा. गोरेगावच्या स्टुडिओसाठी फायबरचे खांब, देव आणि हत्ती बनवता बनवता तो बोटींकडे वळला, आयुष्यात पाच बोटी बांधल्या, आणि दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. शेवटची बोट त्याने स्वतःसाठी बांधली होती, तिला आईचं नाव दिलं होतं. आता त्याची बायको वनमाला ती विकायला निघाली होती.

उत्तराचं काम जुन्या बोटी तपासायचं. घेणारा माणूस तिला पैसे देतो, ती बोट ठोकून, उघडून, चालवून बघते आणि घ्यावी की नाही ते लिहून देते. वय छप्पन्न. बोरिवलीत एकटी राहायची. आई होती तोवर संध्याकाळी घरी जायची घाई असे, आता नव्हती. त्यामुळे एखादा तळ ती दोनदा ठोकून बघायची, आणि लोक म्हणायचे, बाई फार कसोशीने काम करतात.

“काय झालं, उत्तराताई?” वनमालाबाई पायऱ्या उतरून आत आल्या.

“इथली वही कोणी हलवलीय का?”

वनमालाबाईंनी खणात पाहिलं. मग हात घालून कोपरेसुद्धा चाचपले, जणू एवढी मोठी वही कोपऱ्यात मावली असती. त्या वहीत दत्तारामने बोट बांधतानाच्या एकेका दिवसाची नोंद केली होती. ती त्याच्या हस्ताक्षरातली एकमेव मोठी वस्तू होती, आणि ती बोटीबाहेर नेऊ द्यायला त्या बुधवारी तयार झाल्या नव्हत्या.

केबिनच्या बाकावर अनिरुद्ध सबनीस चहाचा कप घेऊन बसले होते. हेच ते गिऱ्हाईक. चौसष्ट वर्षांचे, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. मुलुंडहून आले होते.

“म्हणजे आता रिपोर्ट लांबणार,” ते हळूच म्हणाले.

“रिपोर्टचा आणि वहीचा काय संबंध?” वनमालाबाई म्हणाल्या, पण उत्तर ऐकायला न थांबता त्या वळल्या. दारात धाकू उभा होता. बोटीचा राखणदार. बावीस वर्षं दत्तारामच्या हाताखाली काढलेला आणि गेली दोन वर्षं याच बोटीवर राहणारा.

“धाकू, वही कुठाय?”

“माका काय म्हायत, वयनी?”

“महिन्यापूर्वी तू ती माझ्याकडे मागितली होतीस. मी नाही म्हटलं होतं.” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “सोमवारपर्यंत वही खणात आली नाही, तर तुझं सामान बांध आणि उतर बोटीवरून.”

२

धाकूने होडी धक्क्याकडे वल्हवत नेली तेव्हा उत्तरा एकटीच त्याच्यासोबत होती. वनमालाबाई बोटीवर डोकं धरून बसल्या होत्या आणि सबनीस त्यांना पाणी आणून देत होते.

“वही मागितली होतीस, हे खरं?” उत्तराने विचारलं.

“खरा. दत्तादाचा अक्षर हा त्येच्यात.”

“तुला वाचता येतं?”

“नाय.” तो वल्ही मारत राहिला. “वाचूकच होयी असा काय नाय ना.”

उत्तराने खिशातली छोटी डायरी काढली. तिचं सरळ गणित होतं. बोट खाडीच्या मध्यावर. तिथे जायला धाकूच्या होडीशिवाय वाट नाही. बुधवारी संध्याकाळी वही तिने स्वतःच्या हाताने पिशवीत घालून खणात ठेवली होती. “तेव्हापासून बोटीवर कोण कोण आलं?” तिने विचारलं.

“वयनी रोज येतत, माझो जेवणाचो डबो घेवन. बेस्तरवारी केतनशेट इले, दुसरी पार्टी घेवन. काल शुक्रारी सबनीस सायेब. बस.”

“केतनशेट किती वेळ होते?”

“अर्धो तास. पार्टीक इंजिन दाखवल्यानी, तळ दाखवल्यानी. मी पुढे दोर बांधत होतंय.”

“आणि सबनीस?”

धाकूने वल्ही थांबवली. “त्यांचा काय. आज धरून बारा वेळा झाले. येतत, बसतत, चाय पितत. साखर कमी पडली तर स्वताच खण उघडून घेतत. वयनीशी बोलतत, माझ्याशी बोलतत. गावचा इचारतत, दत्तादाचा इचारतत. चांगलो माणूस.”

“काल काय केलं त्यांनी?”

“पलंगाची लांबी मोजल्यानी. हातात ती निळी फाईल होती, चेनवाली, नेमी असता ती. आज नाय हाडल्यानी, रिकाम्या हातान इले.”

उत्तराने सगळं लिहून घेतलं. होडी धक्क्याला लागली.

“धाकू, एक सरळ विचारते. बोट विकली तर तू कुठे जाणार?”

“खय जातलंय.” त्याने दोर खुंटीला टाकला. “गावात घर भावाचा. हय बोट. म्हणान वयनीक वाटता, मी केलंय.” मग जरा थांबून तो म्हणाला, “माका बोट इकूक नको, ताई. ह्या मी कोणापासून लपवलेला नाय. वयनीक तोंडार सांगलंय.”

त्याला ती बोट विकली जायला नको होती, त्याला ती वही हवी होती, आणि दिवसरात्र बोटीवर तोच होता. उत्तराने डायरी मिटली. तिला तो माणूस खोटं बोलतोय असं वाटत नव्हतं, पण वाटण्यावर सोमवारपर्यंत त्याचं सामान वाचणार नव्हतं.

३

केतन संघवी दुपारी बाराला धक्क्यावर आला. घाटकोपरचा दलाल. जुन्या गाड्या विकता विकता जुन्या बोटी विकू लागलेला. त्याने टपरीवर दोन चहा सांगितले आणि प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून कपाळ पुसलं.

“वाट लागली ना यार, मॅडम. त्या वहीवर तर मी बोट विकत होतो.”

“म्हणजे?”

“बघा, मोठ्या कंपनीची बोट असली की मला बोलावंच लागत नाही. नाव बोलतं. नकाशे मिळतात, सुटे भाग मिळतात, पुढे विकायला गेलं तर घेणारा मिळतो. मसुरकरांचं नाव कोणाला माहीत? पार्टी पहिला प्रश्न हाच विचारते, की हा कोण? आतमध्ये काय घातलंय त्याने? तेव्हा मी म्हणतो, साहेब, हा असा माणूस होता की रोजचं लिहून ठेवायचा. वही बघा.” त्याने कप खाली ठेवला. “पोलिसात कम्प्लेंट टाका मी सांगतो. त्या धाकू म्हाताऱ्याचंच काम आहे.”

“गुरुवारी तुम्ही पार्टीला वही दाखवलीत?”

“कुठे दाखवली? तेच तर. अलिबागची पार्टी, रिसॉर्टवाली, एकदम सिरीयस. मी म्हटलं दाखवतो, तर खणाला कुलूप. दोनदा जोर लावला, हलेना. शेवटी म्हटलं, चावी बाईंच्या घरी आहे, नंतर बघू. चावी कोणाकडे असते हो?”

उत्तराने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो उन्हाकडे डोळे बारीक करून खाडीकडे बघत होता, खरोखर उत्तर मिळण्याची वाट बघत.

“चावी नाहीये,” ती म्हणाली. “त्या खणाला कुलूपच नाही.”

“मग उघडत का नव्हता?”

तिने सांगितलं नाही. चहा संपवला आणि मनातल्या यादीतून एक नाव खोडलं. खण उघडला नाही हे जो स्वतः सांगतो, तेही न विचारता, आणि वही गेल्याने ज्याचंच नुकसान आहे, त्याने ती नेली असं म्हणायला काही आधार नव्हता. उरली तीन माणसं, आणि तिघांनाही खाच ठाऊक होती.

“अलिबागची पार्टी अजून थांबलीय?” तिने उठताना विचारलं.

“थांबलीय. पण सबनीस काकांनी आधी शब्द घेऊन ठेवलाय ना बाईंकडून, की माझा रिपोर्ट येईपर्यंत दुसऱ्याला द्यायची नाही. ऑक्टोबरपासून बघतायत यार. आता फेब्रुवारी लागला. एवढ्यात लोक लग्नं जमवतात.”

४

वनमालाबाई दिंडोशीला राहायच्या, वसाहतीतल्या चौथ्या मजल्यावर. दुपारी इंजिनं चालवून बघून झाल्यावर उत्तराने त्यांना स्कूटरवर मागे बसवून घरी सोडलं, आणि त्या म्हणाल्या म्हणून वर गेली. दोन खोल्या. भिंतीवर दत्तारामचा फोटो, त्याला हार नव्हता. मुलगी तेजल लग्न होऊन कोइम्बतूरला. दुपारचे चार वाजले होते आणि इमारत अगदी शांत होती.

“बोट का विकताय?” उत्तराने विचारलं.

“किती दिवस तिला नुसती बघत बसू? ते होते तेव्हा रविवारी फिरवून आणायचे. आता मी डबा घेऊन जाते, धाकूला जेवताना बघते, परत येते. दोन माणसं आणि एक बोट, आणि कुठे जायचं नाही.” त्यांनी पदराने हात पुसले. “धाकूला मी बोलले ते जास्त झालं का?”

“पुरावा नसताना बोललात.”

“मग दुसरं कोण?”

उत्तराने प्रश्नाला बगल दिली. “बुधवारी तुम्ही मला वही दाखवलीत. मी दिवे लागेपर्यंत वाचत बसले. तेव्हा तुम्हाला काय वाटलं, मी ती का वाचतेय?”

“आवडली म्हणून. ते लिहायचेच तसं.”

“आणि आज मी कशासाठी येणार होते?”

“इंजिनं चालवून बघायला. तुम्हीच म्हणालात ना निघताना? बाकी तपासणं तर बुधवारी झालंच होतं. धाकूलाही मी तेच सांगितलं, की डिझेल भरून ठेव.”

उत्तराने मान डोलावली. तिने असंच म्हटलं होतं. बुधवारी ओहोटीला बोट चिखलावर बसली तेव्हा तिने सगळा तळ छोट्या हातोडीने ठोकून पाहिला होता आणि आवाज जागोजाग खणखणीत आला होता. पण जमिनीच्या फळ्यांखाली जिथे हातोडी पोचत नाही, तिथे फायबरचे किती थर घातले होते, कशा हवेत घातले होते, हे फक्त ती वही सांगू शकत होती. तिने वीसेक पानं वाचली होती. एका पानावर एवढंच होतं: ‘आज हवा दमट. थर घातला नाही. माणसांना सुट्टी दिली.’ काम न केलेल्या दिवसाचीही नोंद ठेवणारा बांधणारा तिने आजवर पाहिला नव्हता.

“सबनीसांचं काय मत आहे बोटीबद्दल?”

वनमालाबाई पहिल्यांदाच किंचित हसल्या. “आवडलीय त्यांना. पण मनाचा निर्णय होत नाही. आधी इंजिनाची शंका. मग म्हणाले, पाण्यातल्या पंख्याचं पातं बदलावं लागेल का. मग म्हणाले, मसुरकरांचं नाव कोणाला ठाऊक नाही, पुढे त्रास होईल का. प्रत्येक वेळी नवी शंका घेऊन येतात. मी म्हणते, या, बघा. येताना दोन बसा बदलून येतात बिचारे, मी आधी विचारते, जेवून आलात का.”

“इंजिनाची शंका होती, तर इंजिन उघडून बघितलं असेल.”

“बघितलं असेलच की.” मग त्या विचारात पडल्या. “धाकूला विचारा. मला आठवत नाही.”

उत्तराने तिथूनच धाकूला फोन लावला. पलीकडून खाडीचा वारा ऐकू येत होता.

“इंजिनाचा झाकाण?” धाकू म्हणाला. “सबनीस सायबांनी? एकदाय उघडूक सांगल्यानी नाय, ताई. बारा वेळा इले, एकदाय नाय.”

५

रविवारी सकाळी अकरा वाजता तिने मुलुंडला सबनीसांच्या दाराची बेल वाजवली.

त्यांनी दार उघडलं आणि तिला पाहून ते बाजूला झाले. का आलात, असं त्यांनी विचारलं नाही. घर इतकं नीटनेटकं होतं की कुठे बसावं कळेना. टेबलावर ‘द्रौपदी’ची आखणी होती, पेन्सिलीने काढलेली, वरून, बाजूने, समोरून, प्रत्येक खिडकीसकट. चाळीस वर्षं ट्रॉम्बेला आरेखक म्हणून नोकरी केलेल्या माणसाचा हात होता तो. शेजारी निळी चेनवाली फाईल, फुगलेली.

“बसा. चहा टाकतो.”

“आधी बोलू या,” उत्तरा म्हणाली.

ते बसले.

“मी काल दिवसभर एकाच प्रश्नात अडकले होते, की बोट विकली जाऊ नये असं कोणाला वाटतं. सगळ्यांचं बोट धाकूकडे गेलं ते त्यामुळेच. पण वहीच्या खाली नोंदणीचं लाल पुस्तक होतं. ते गेलं असतं तर विक्री महिनोन् महिने अडली असती. धाकूला वाचता येत नाही, पण ते पुस्तक त्याला चांगलं ठाऊक आहे. दर वर्षी शिक्का मारायला तोच घेऊन जातो. त्याने त्याला हातही लावला नाही. शिवाय पाण्यावर राहणारा माणूस कागदाची वही पिशवीतून काढून पिशवी मागे ठेवणार नाही. ज्याच्याकडे स्वतःची कोरडी जागा होती, चेन लावून बंद होणारी, त्यानेच ती ठेवली.”

सबनीस टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“वनमालाबाईंनी वही मला स्वतः दाखवली. लपवायची असती तर दाखवली नसती. केतनला खण उघडला नाही. मग मी प्रश्न बदलला. वही गेल्याने नेमकं काय थांबलं? विक्री नाही थांबली. माझा रिपोर्ट थांबला. आणि माझा रिपोर्ट वहीवर अडलाय हे बोटीवरच्या कोणालाच माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, इंजिनं चालवली की झालं. मी ते एकाच माणसाला सांगितलं होतं. बुधवारी संध्याकाळी, फोनवर. ‘शनिवारी वही वाचून संपवते, रविवारी रिपोर्ट देते.’ तुम्हाला.”

बाहेर कोणीतरी आपली गाडी धूत होतं. पाण्याचा आवाज येत राहिला.

“तुम्हीच पैसे देऊन रिपोर्ट मागितलात आणि तुम्हीच तो अडवलात. मला रात्री हे जुळेना. मग म्हटलं, इंजिनाची शंका घेऊन जाणारा माणूस इंजिन उघडायला सांगत नाही, म्हणजे त्याला इंजिन बघायचं नसतं.”

सबनीसांनी निळ्या फाईलची चेन उघडली. हिरवी वही अगदी व्यवस्थित, वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी तिच्यासमोर ठेवली.

“एकही पान दुमडलं नाही मी,” ते म्हणाले.

“माहीत आहे.”

“मोठा भाऊ होता माझा. आम्ही दोघंच. लग्न कोणाचंच नाही झालं. तो अंथरुणाला होता तेव्हा मी निवृत्ती घेतली, आणि सहा महिन्यांत तो गेला. त्याला आता चार वर्षं झाली.” ते शांतपणे, सगळं टिपणात लिहून ठेवल्यासारखं सांगत होते. “ऑक्टोबरात पेपरात जाहिरात दिसली. बोट विकणे आहे. नुसतं बघायला म्हणून गेलो. मला पोहता येत नाही, मॅडम. होडीत पाय टाकतानाच घाबरलो होतो. वर चढलो तर त्या म्हणाल्या, जेवून आलात का? मुलुंडहून आलात म्हणजे निघून दोन तास झाले असतील. एवढा हिशोब केला त्यांनी माझ्या जेवणाचा. चार वर्षांत कोणी विचारलं नव्हतं मला. मग मी म्हणालो, विचार करून सांगतो. पुन्हा यायचं तर काहीतरी शंका हवी ना. शंका काढत गेलो. शेवटी त्याच म्हणाल्या, एवढी शंका आहे तर तपासून घ्या. मला वाटलं, तपासणीला दोन-तीन महिने जातील. तुम्ही तर चार दिवसांत आटपत आलात.”

उत्तराला वाटलं, आता काहीतरी कडक बोलायला हवं. तेही तिच्याकडून तेवढ्याचीच अपेक्षा करत होते. पण तिला बोरिवलीचं आपलं स्वयंपाकघर दिसलं, ओट्यावर उपडी घातलेली एकच ताटली, आणि कडक शब्द सापडेना.

“धाकूला सोमवारी उतरायला सांगितलंय,” ती म्हणाली. “ते तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं.”

“आणि गप्प बसलात.”

“मला वाटलं, बाई रागाने बोलल्या, करणार नाहीत. मी सोमवारच्या आत वही ठेवून येणार होतो.” मग ते थांबले. “नाही. हे मी आत्ता तयार केलं. मी काहीच ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं तर जाणं बंद झालं असतं.”

उत्तराने वही उघडली आणि विसाव्या पानापासून वाचायला घेतली. दोन तास लागले. मधे सबनीसांनी चहा आणून ठेवला. एकशे बाराव्या पानावर दत्तारामने लिहिलं होतं: ‘मागे डाव्या हाताला बोटभर हवा अडकली. वरून कळत नाही. कापून पुन्हा केलं. तीन दिवस गेले.’ तिने ती जागा ठोकली होती. तिथेही आवाज खणखणीतच होता.

तिने वही मिटली. “तुम्ही रिपोर्टचे पैसे दिलेत, म्हणून सांगते. बोट उत्तम आहे. नाव नसलेल्या माणसाने बांधलीय, पण नाव असलेल्यांनी शिकावं अशी बांधलीय. तुम्ही ती घेऊ नका.”

“हो,” सबनीस म्हणाले.

“आणि वही मी नेणार नाही. उद्या तुम्ही घेऊन यायची, आणि तोंडाने सांगायचं. धाकूसमोर.”

त्यांनी मान वर केली. मग वही पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतली.

६

सोमवारी दहा वाजता सबनीस धक्क्यावर उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, वही छातीशी धरून. धाकूने त्यांना होडीत घेतलं. त्याच्या पत्र्याच्या पेटीला दोर बांधून झालेला उत्तराने केबिनमध्ये पाहिला.

सबनीसांनी सगळं सांगितलं. काहीही वगळलं नाही, पोहता येत नाही हेसुद्धा नाही. वनमालाबाई उभ्यानेच ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी वही घेतली आणि पहिलं पान उघडून त्यावर हात ठेवला. मग त्या धाकूकडे वळल्या.

“धाकू, मी तुला,” एवढंच त्या म्हणाल्या. त्यांनी वही त्याच्यापुढे धरली. त्याने ती घेतली नाही लगेच. आधी हात पँटला पुसले.

मग तो सबनीसांना म्हणाला, “चाय होयी होती तर चाय मागूची होती, सायेब. बोट कित्याक मागलास?”

सबनीस बाकावर बसले.

“तुमी चांगलो माणूस म्हणान मी ह्या ताईंक सांगलंय. पण वयनी माका बोलली, तेवा तुमी थयच होतास. कप हातात घेवन.” त्याने पेटीचा दोर सोडायला घेतला. “ता मी इसरूचंय नाय.”

सबनीसांना त्याने धक्क्यावर नेऊन सोडलं.

उत्तराने रिपोर्टाची एक प्रत सबनीसांच्या संमतीने वनमालाबाईंना दिली. ती वाचून आणि वही बघून अलिबागच्या पार्टीने बोट घेतली. बोट ओळखणारा माणूस हवा म्हणून धाकूलाही ठेवून घेतलं. वही बोटीसोबत जाणार, आणि ती धाकूच्या ताब्यात राहणार, हे वनमालाबाईंनी करारात लिहून घेतलं. केतन म्हणाला, असा करार मी जन्मात केला नाही यार.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, सकाळच्या भरतीला, ‘द्रौपदी’ निघाली. धाकूने दोर सोडला, वनमालाबाईंना हात केला आणि मग मागे बघितलं नाही. बोट मनोरीच्या टोकाला वळेपर्यंत त्या धक्क्यावर उभ्या होत्या. उत्तरा शेजारी होती.

“ते आलेत,” वनमालाबाई न वळता म्हणाल्या.

उत्तराने मागे पाहिलं. बसथांब्याच्या खांबाशी सबनीस उभे होते. धक्क्याकडे यायची त्यांची तयारी दिसत नव्हती, आणि जायचीही नव्हती.

“बोलावू का?”

“नको. त्यांचा मला अजून राग आहे.”

बोट दिसेनाशी झाली. पाण्यावर तिने काढलेली रेघ हळूहळू विरली. वनमालाबाईंनी रिकामी डब्याची पिशवी खांद्याला लावली, उत्तराचा निरोप घेतला आणि त्या बसथांब्याकडे चालू लागल्या. तिथे जाऊन त्या सबनीसांपासून दोन हात अंतर ठेवून उभ्या राहिल्या. बराच वेळ दोघंही रस्त्याकडे बघत होती. मग वनमालाबाईंनी काहीतरी विचारलं. एकच वाक्य असावं. इतक्या लांबून ऐकू येणं शक्य नव्हतं, पण सबनीसांनी मान हलवून नाही म्हटलेलं उत्तराला दिसलं.

बस आली. आधी त्या चढल्या, मग ते. बस मालाडच्या दिशेने निघून गेली.

उत्तराचं इथलं काम पंधरा दिवसांपूर्वीच संपलं होतं. स्कूटरची किल्ली तिच्या हातात होती. तरी ती धक्क्यावर तशीच उभी राहिली, भरती पूर्ण चढून पाणी शेवटच्या पायरीला लागेपर्यंत.